बिल पाठवायला लाजू नका: फ्रीलान्स डेव्हलपर्सचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की जे कोणी घरून किंवा स्वतःच्या छोट्या ऑफिसातून सॉफ्टवेअरची कामं घेतात त्यांनी पैशाबद्दलचे प्रश्न पाठवा. पत्रं भरपूर आली, आणि गंमत म्हणजे कोड जमत नाही अशी तक्रार जवळपास कोणाचीच नाहीये, सगळ्यांचं घोडं अडलंय ते पैसे मागण्यापाशी. सगळीच पत्रं इथे घेता आली नाहीत, ज्यात बऱ्याच जणांचं उत्तर निघेल अशी निवडलीत, आणि नावं कोणाचीच छापलेली नाहीत, फक्त गाव दिलंय.

प्रश्न: ताई नमस्कार, मी कोल्हापूरचा, नोकरी सोडून स्वतःचं काम करतोय. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं (ओतकामाच्या कारखान्याचं) स्टॉक आणि डिस्पॅचचं सॉफ्टवेअर ९० हजारात घेतलं. मालक बाबांच्या ओळखीचे आहेत, मी त्यांना काकाच म्हणतो. काम खरंतर गणपतीच्या आधीच संपलं पण रोज काहीतरी नवीन निघतंय, आधी रिजेक्शनचा रिपोर्ट, मग टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एक्स्पोर्ट, आता म्हणतात ई-वे बिल (माल पाठवताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) पण यातनंच निघू दे, "पोरा एवढं जरा बसवून दे की." शेवटचे ३० हजार अडकलेत कारण त्यांच्या मते काम अजून संपलेलंच नाही. नाही म्हटलं तर घरी विषय होणार. काय करू?

उत्तर: तुझं पत्र दोनदा वाचलं आणि त्यात मला एक गोष्ट कुठेच सापडली नाही, ती म्हणजे यादी. ९० हजारात नक्की काय काय येणार हे कुठे लिहिलंय का? माझा अंदाज असा की बोलणं चहावर झालं, आकडा ठरला आणि तू कामाला लागलास. मग आता "काम संपलं" हे ठरवणार कोण? तुझ्या डोक्यात एक यादी, काकांच्या डोक्यात दुसरी, आणि दोघंही खरं बोलताय.

काकांच्या बाजूने जरा बघ. पॅटर्न (साचा) बदलला की कास्टिंगचा रेट बदलतो हे ते त्यांच्या गिऱ्हाइकाला रोज सांगत असतील, तो हिशोब त्यांना कोणी शिकवायला नको. पण सॉफ्टवेअरमध्ये त्यांना दिसतं फक्त एक बटण. त्या ई-वे बिलाच्या बटणामागे प्रत्येक मालाचा एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराचा क्रमांक), पार्टीचा जीएसटी नंबर, गाडी नंबर, अंतर हे सगळं बिनचूक भरलेलं लागतं, मग सरकारी पोर्टल स्वीकारेल अशी जेएसओएन फाइल काढायची किंवा एपीआयने थेट पोर्टलला जोडायचं, आणि चुकून निघालेलं बिल २४ तासांच्या आत रद्द करायची सोय पण द्यायची. हे त्यांना कोणी सांगितलंच नाही तर ते "जरा बसवून दे" म्हणणारच, त्यात लबाडी काही नाही.

म्हणून आता असं कर. आधी एक पान घे आणि आजपर्यंत जे जे दिलंस ते सगळं तारखेसकट लिहून काढ, मूळ ठरलेलं वेगळं आणि नंतर वाढलेलं वेगळं. वाढलेल्या प्रत्येक कामासमोर त्याची खरी किंमत लिही. रिजेक्शन रिपोर्ट समज ६ हजार, टॅली एक्स्पोर्ट ८ हजार. ते तू आधीच करून दिलंयस, त्याचे पैसे आता मागणं मला बरोबर वाटत नाही कारण तू तेव्हा बोलला नाहीस, पण ते बिलात दाखवायचं नक्की, म्हणजे ओळ लिहायची, समोर रक्कम लिहायची आणि खाली "सवलत" म्हणून तेवढीच वजा करायची. फुकट दिलेलं काम बिलात दिसलं नाही तर समोरच्याला ते दिलं होतं हेच माहीत होत नाही, आणि पुढच्या वेळी त्याची किंमत शून्यच धरली जाते.

मग कारखान्यात जाऊन भेट, फोनवर नको. ते पान समोर ठेव आणि ई-वे बिलाचं सरळ सांग: "काका, हे आपल्या मूळ कामात नव्हतं. साधारण तीन दिवसांचं काम आहे, १४ हजार होतील. आधीचं बिल क्लिअर झालं की सोमवारी हातात घेतो, चालेल का?" आणि घरी आल्यावर हेच चार ओळींत व्हॉट्सअॅपवर टाकून ठेव, त्यांचा नुसता अंगठा आला तरी पुरे. माझा अनुभव असा आहे की धंदेवाली माणसं रकमेला तेवढी बिचकत नाहीत जेवढी अचानक आलेल्या रकमेला बिचकतात. १४ हजार आधी कळले तर ते भाव करतील, १२ वर आणतील, विषय संपला. तेच १४ हजार काम झाल्यावर कळले तर मात्र "ओळखीत पण कापतोय" असं होतं, आणि तुझ्या बाबांच्या कानावर जातं ते हेच वाक्य.

घरी विषय होणार म्हणतोस तर बाबांना आधीच ते पान दाखव ना. ओळखीतल्या कामात मधल्या माणसाला आकडे माहीत नसले की तो बिचारा दोन्हीकडून ऐकून घेतो.

आणि पुढच्या कामापासून हप्ते "अॅडव्हान्स, मधे, शेवटी" असे ठेवूच नकोस. "शेवटी" हा शब्दच घातक आहे. दिसणाऱ्या गोष्टीला हप्ता बांध: स्टॉकची एंट्री चालू झाली की इतके, डिस्पॅचचं चलन छापून निघालं की इतके, यादीतलं सगळं चालू होऊन ७ दिवस वापरलं की उरलेले १० टक्के. त्या ७ दिवसांत निघालेल्या चुका तुझ्या, फुकट दुरुस्त करायच्या, वाद घालायचा नाही. त्यानंतर एएमसी (वार्षिक देखभालीचा करार), वर्षाला मूळ किमतीच्या १५ ते २० टक्के, आणि त्यात महिन्याला किती तासांची मदत येते ते पण लिहून. नवीन फीचर एएमसीत येत नाही हे तर मोठ्या अक्षरात लिही.

प्रश्न: मी नाशिकला असते, नेदरलँड्समधल्या एका छोट्या एजन्सीसाठी ताशी २० युरोने लाराव्हेलचं (वेबसाइट बनवायच्या एका फ्रेमवर्कचं) काम करते. मागच्या महिन्यात त्यांच्या बुकिंग सिस्टीममध्ये वेळा एक तासाने चुकत होत्या, मी पूर्ण दिवस, म्हणजे ७ तास शोधत बसले आणि शेवटी बदल झाला तो दोन ओळींचा. बिलात ७ तास लिहायला हात धजेना, मी ३ लिहिले. बरोबर केलं का? दुसरं म्हणजे एखादी गोष्ट मला येत नसते आणि मी शिकून करते, ते तास लावायचे का?

उत्तर: नाही, बरोबर नाही केलंस, आणि हे मी तुला पैसे बुडाले म्हणून सांगत नाहीये. तू त्यांना चुकीची माहिती दिलीस. त्या एजन्सीला आता वाटतं की त्यांच्या सिस्टीममधला असा गुंता तीन तासांत सुटतो, पुढच्या वेळी ते त्याच हिशोबाने त्यांच्या क्लायंटला वेळ सांगणार आणि तुला ९ तास लागले की प्रश्न विचारणार. कमी तास लिहिणं हाही खोटा हिशोबच, फक्त तो आपल्याला चांगुलपणा वाटतो.

तुझ्या बगबद्दल अंदाज बांधते, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतात. आपल्याकडे ही भानगडच नाही म्हणून आपला आणि नेदरलँड्सचा फरक हिवाळ्यात साडेचार तासांचा आणि उन्हाळ्यात साडेतीन. कोणीतरी पूर्वी कोडमध्ये सरळ "अधिक एक तास" लिहून ठेवलं असणार. दुरुस्ती दोनच ओळींची, पण त्या दोन ओळी कुठल्या हे शोधणं हेच काम होतं, आणि ते त्यांच्या जुन्या कोडमुळे लागलं, तुझ्यामुळे नाही.

अडचण ७ या आकड्यात नसते, अडचण असते समोर "बग फिक्स, ७ तास" एवढंच लिहिण्यात. असं लिहून बघ: "बुकिंगच्या वेळा एक तास चुकत होत्या. डेटाबेस, ईमेल आणि कॅलेंडर तिन्ही ठिकाणी तपासलं. वेळेचा फरक कोडमध्ये पक्का लिहिलेला होता, तो अॅमस्टरडॅमच्या टाइमझोनवर नेला, जुनी बिघडलेली बुकिंग्ज दुरुस्त केली, पुन्हा असं होऊ नये म्हणून टेस्ट लिहिली. ७ तास." हे वाचून सहसा कोणी विचारत नाही की ७ का. आणि याहून महत्त्वाचं, तिसऱ्या तासालाच मेसेज गेला पाहिजे होता, की अजून कारण सापडलेलं नाही, इथे इथे बघून झालं, अजून चारेक तास लागतील असं दिसतंय, चालू ठेवू का? मी स्वतः नेहमी हे करते, अंदाज दीडपट व्हायला लागला की थांबून विचारायचं. नव्वद टक्के वेळा हो येतं. उरलेल्या वेळी ते म्हणतात राहू दे, एवढं महत्त्वाचं नाही, आणि तेही कळलेलं बरं ना.

शिकण्याच्या तासांबद्दल माझी रेघ अशी आहे. लाराव्हेल येतं असं सांगून काम घेतलंस तर लाराव्हेलची प्राथमिक गोष्ट शोधण्यात गेलेला वेळ तुझा, तो लावायचा नाही. पण त्यांचंच एखादं दहा वर्षांपूर्वीचं मॉड्यूल समजून घेणं, त्यांच्या पेमेंट कंपनीची कागदपत्रं वाचणं, हे त्यांचंच काम आहे, पूर्ण लावायचं. मधल्या गोष्टी असतात, एखादी नवीन लायब्ररी जी तुला पुढे दुसरीकडे पण उपयोगी पडेल, तिथे आधी बोलून अर्धे अर्धे करता येतं, "हे मी पहिल्यांदा वापरतेय, शिकायचे तास बिलात धरणार नाही" एवढं एक वाक्य आधी गेलं तर त्याचा फार चांगला परिणाम होतो.

टायमर मात्र लाव, क्लॉकिफाय वगैरे फुकट मिळतात. आठवणीने संध्याकाळी तास लिहिणं म्हणजे अंदाजपंचे. अपवर्कवर (फ्रीलान्स कामं मिळवून देणाऱ्या साइटवर) तासाचं काम घेतलं तर तिथे वर्क डायरी असते, दर दहा मिनिटांच्या तुकड्याला एक स्क्रीनशॉट जातो आणि त्याच्या जोरावर ते पैशाची हमी देतात. थेट क्लायंटसोबत तसली हमी देणारं मधे कोणी नसतं, तिथे तुझं दर शुक्रवारचं तासांचं पत्रक हेच काय ते. महिन्याच्या शेवटी ८० तासांचं एकदम बिल पाठवण्यापेक्षा दर आठवड्याला २० तासांचा हिशोब गेलेला असला की महिन्याचं बिल ही फक्त बेरीज उरते.

प्रश्न: नवीन आहे, पोर्टफोलिओत दोनच साइट आहेत. अॅडव्हान्स मागितला की क्लायंट गायब होतात. मागू की नको? (लातूर)

उत्तर: मागायचाच. फक्त अख्ख्या कामाचे ५० टक्के मागू नकोस, अनोळखी माणसाला कोणी एवढे देत नाही आणि त्यात त्यांचं चुकत नाही. काम लहान तुकड्यात तोड, पहिला तुकडा आठवडाभराचा, ८-१० हजारांचा, आणि त्याचे अर्धे आधी घे. म्हणजे त्यांचा धोका चार-पाच हजारांचा आणि तुझाही तेवढाच. पहिल्या तुकड्यात असं काहीतरी दे जे त्यांच्या फोनवर उघडून दिसेल, लॉगिनची पानं आणि डेटाबेसचं डिझाइन त्यांना दाखवून काही उपयोग नाही. पैसे एकही न देता "आधी सॅम्पल बनवून दाखवा" म्हणणारे भेटतील, त्यांना तुझ्या दोन साइट दाखव, त्यातल्या एकीचा मालक फोनवर बोलायला तयार असेल तर नंबर दे, त्याच्या परवानगीने. त्यावरही नाहीच म्हणाले तर जाऊ देत, हे क्लायंट शेवटचं बिलही देत नाहीत.

प्रश्न: मॅडम, छत्रपती संभाजीनगरहून लिहितोय. पुण्यातल्या एका कंपनीसाठी ॲप केलं, दोन बिलं मिळून १ लाख ४० हजार, चार महिने झाले. काम घेणारा मॅनेजर आता फोन उचलत नाही, अकाउंट्सवाले म्हणतात "सायकलमध्ये आहे." माझ्याकडे सही केलेला करार नाही, फक्त ईमेल आहेत. जास्त ओरडलो तर पुढचं काम जाईल ही पण भीती आहे.

उत्तर: आधी बिल अडकलंय कशाने ते शोधा, राग नंतर. कंपन्यांमध्ये बरीच बिलं कोणाच्या दुष्टपणामुळे अडकत नाहीत, परचेस ऑर्डरचा नंबर नाही, व्हेंडर म्हणून नोंद नाही, पॅन किंवा रद्द केलेला चेक जोडलेला नाही, मॅनेजरने सिस्टीममध्ये अप्रूव्ह केलेलं नाही, अशा फालतू कारणांनी अडकतात आणि कोणी सांगत नाही. अकाउंट्सला ईमेलवर एकच प्रश्न विचारा: "हे बिल तुमच्या सिस्टीममध्ये नोंदलं गेलंय का, आणि कोणाच्या अप्रूव्हलसाठी थांबलंय?" "पेमेंट कधी" असं विचारलं की "लवकरच" येतं, हे विचारलं की माणसाचं नाव येतं.

दुसरं, इन्कम टॅक्सच्या साइटवर जाऊन तुमचा फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता, उघडा. टीडीएस (कंपनी तुमच्या पैशातून कापून सरकारकडे भरते तो आयकर) हा पैसे देताना किंवा बिल खात्यात जमा दाखवताना, जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. म्हणजे पैसे न देताच कंपनीने तुमच्या नावावर टीडीएस भरलेला दिसला तर त्यांनी तुमचं बिल हिशोबात घेतलंय, "काम मान्य नाही" असं ते आता सहजी म्हणू शकत नाहीत. तिमाहीचं रिटर्न भरल्यावर हे दिसतं त्यामुळे थोडा उशीर धरा. मी बऱ्याच जणांना हे बघायला लावलंय, कोणाला सुचतच नाही.

तिसरं, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) आहे का? नसेल तर आज करा, सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी मुदत ठरली असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस आणि ठरलेली नसेल तर १५ दिवस, एवढ्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे द्यावेच लागतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. बँक रेट ६ टक्के धरला तर १८ टक्के होतात. आणि काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर काम स्वीकारलं असंच धरलं जातं, हे तर तुमच्यासारख्याला फारच उपयोगी. आता खरी गोष्ट सांगते, नोंदणी काम सुरू व्हायच्या आधीची असावी लागते का यावर कोर्टात वाद झालेत, त्यामुळे आज केलेली नोंदणी या जुन्या बिलांना लागू होईल असं धरून चालू नका, पुढच्या प्रत्येक कामाला मात्र ती लागू होईल. आधीपासूनच असेल तर एमएसएमईच्या सरकारी पोर्टलवर तक्रार घालता येते, ती फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (अशा थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे) जाते, आधी समेटाचा प्रयत्न आणि मग लवाद. कायद्यात ९० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात. पण निकाल तुमच्या बाजूने लागला तर कंपनीला त्याविरुद्ध कोर्टात जायला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, आणि हे त्यांच्या वकिलाला चांगलं माहीत असतं.

अजून एक मुद्दा जो अकाउंट्सवाल्यांना लगेच कळतो. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून नियम असा झालाय की सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही आणि ३१ मार्च उलटून गेला तर तो खर्च त्या वर्षात धरता येत नाही, ज्या वर्षी पैसे देतील त्याच वर्षी धरता येतो. म्हणून बिलावर उद्यम नंबर आणि "सूक्ष्म उद्योग" असं ठळक छापायला सुरुवात करा. धमकी द्यावी लागत नाही, त्यांचा सीएच मार्चमध्ये यादी काढतो.

करार नाही म्हणून घाबरू नका, काम सांगितल्याचे, डिलिव्हरीचे आणि "छान झालंय" म्हटल्याचे ईमेल हाही पुरावाच आहे, सगळे एका फोल्डरमध्ये काढून ठेवा. वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा वेळ आहे पण वर्षं घालवू नका. आणि पुढचं काम जाईल म्हणता, तर चार महिने पैसे न देणाऱ्याचं पुढचं काम म्हणजे अजून एक न मिळणारं बिल. नम्रपणे लिहा: "जुनी दोन बिलं आली की नवीन काम सुरू करतो." यात उद्धट काहीच नाही.

प्रश्न: जीएसटी नंबर नाहीये तरी बिलात १८% लावलं तर क्लायंटला आपण मोठे वाटतो असं एका मित्राने सांगितलं. खरं आहे का? आणि परदेशी बिलावर काय? (ठाणे)

उत्तर: अजिबात करू नकोस, नोंदणी नसताना जीएसटी गोळा करणं बेकायदा आहे आणि क्लायंटचा अकाउंटंट पहिल्या मिनिटात पकडतो कारण त्याला क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो जीएसटी स्वतःच्या करातून वजा करता येत नाही. सेवांसाठी वर्षाला २० लाखांपर्यंत महाराष्ट्रात नोंदणीची सक्ती नाही, तोवर बिलावर फक्त लिही की जीएसटी नोंदणी नाही म्हणून कर लावलेला नाही. त्या २० लाखांत परदेशी बिलंही मोजली जातात हे लोक विसरतात. नोंदणी झाल्यावर परदेशी क्लायंटचं काम निर्यात ठरलं तर कर शून्य, पण त्यासाठी दर आर्थिक वर्षी एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरायची. बँक पर्पज कोड (परदेशातून पैसे कशासाठी आले त्याचा क्रमांक) विचारेल, सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीला पी०८०२ देतात, आणि पैसे आल्याचा बँकेचा दाखला प्रत्येक वेळी मागून घे, एकदम वर्षाच्या शेवटी मागितलास तर दमशील.

देशातल्या बिलाचं एक गणित देऊन ठेवते कारण यावरून फार भांडणं होतात. एक लाखाचं काम, १८ हजार जीएसटी, बिल १ लाख १८ हजारांचं. १० टक्के टीडीएस कापला तर तो एक लाखावर, म्हणजे १० हजार, वेगळ्या दाखवलेल्या जीएसटीवर नाही. हातात १ लाख ८ हजार यायला हवेत. काही कंपन्या तांत्रिक सेवा धरून २ टक्केच कापतात, काय कापणार ते कोटेशन देतानाच विचारून घ्यायचं म्हणजे नंतर "पैसे कमी का आले" हा फोन करावा लागत नाही.

प्रश्न: क्लायंट म्हणतो एआयने हे दोन तासांत होतं, मग १५ दिवसांचे पैसे कसले? खरंतर मी पण एआय वापरतो, सांगायचं का त्यांना? (पिंपरी)

उत्तर: सांगायचं, आणि त्यांनी विचारायच्या आधी सांगायचं. लपवलेलं कळलं तर आधीच्या सगळ्या बिलांवर शंका येते. जे तास वाचले ते लावायचे नाहीत, हे सरळ आहे. म्हणून तुझ्यासारख्याने तासाचा दर सोडून कामाची ठरलेली किंमत घ्यावी असं मला आता वाटायला लागलंय, मग दोन तासांत झालं की दोन दिवसांत हा प्रश्नच उरत नाही, त्यांना हवी ती गोष्ट चालू झाली की नाही एवढंच. पण क्लायंटला हेही दाखव की दोन तासांत तयार होतो तो कोड, त्यानंतर त्यांच्या खऱ्या डेटावर चालवून बघणं, चुकीची एंट्री आली तर काय होतं ते तपासणं, सुरक्षितता, सर्व्हरवर चढवणं, रात्री बंद पडलं तर फोन उचलणं हे उरतंच आणि त्याची जबाबदारी कुठलं टूल घेत नाही, तू घेतोस. कोटेशनमध्ये या ओळी वेगळ्या लिही ना, "डेव्हलपमेंट" असा एकच आकडा का देतोस? आणि क्लायंटचा डेटा, विशेषतः पेशंट किंवा ग्राहकांची नावं-नंबर, त्यांच्या लेखी परवानगीशिवाय कुठल्याही एआय टूलमध्ये टाकायचा नाही. यात तडजोड नको.

प्रश्न: आम्ही डेव्हलपर नाही, पण उलट बाजूचा प्रश्न आहे. देवगडला आमची हापूसची बाग आहे, ऑनलाइन ऑर्डरसाठी वेबसाइट करून घेतली होती. ज्या मुलाने केली तो आता फोन घेत नाही, डोमेन त्याच्याच नावावर आहे, होस्टिंग पण, आणि कोड आमच्याकडे नाही. दुसरा डेव्हलपर बघतोय पण आता कोणावर विश्वास ठेवायचा आणि त्याला पैसे कसे द्यायचे?

उत्तर: हे पत्र मुद्दाम शेवटी घेतलं कारण डेव्हलपर मंडळींनीही ते वाचावं असं वाटतं. तुमच्या त्या मुलाने कदाचित पैसे बुडवले नसतील, पण डोमेन स्वतःच्या नावावर घेऊन त्याने तुमच्या धंद्याची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. काही जण हे मुद्दाम करतात, पैसे बुडू नयेत म्हणून, काही निव्वळ आळसाने. दोन्ही वाईट.

आधी डोमेन. ते कुठल्या कंपनीतून घेतलंय आणि कधी संपतंय हे हूइजवर (डोमेनची नोंद दाखवणारी ऑनलाइन सोय) शोधलं की दिसतं. त्या मुलाला शांतपणे लेखी मेसेज करा की डोमेन आमच्या खात्यात ट्रान्सफर कर, तुझं काही येणं असेल तर सांग. अर्ध्या वेळा मागचं थोडं येणं असतं आणि लाजेने कोणी बोललेलं नसतं. तेवढं देऊन टाका. नाहीच मिळालं तर डोमेन संपायच्या तारखेवर लक्ष ठेवा आणि तोवर नवीन नाव घ्या, पेट्यांवर आणि व्हॉट्सअॅपवर नवीनच छापा.

कोडचं असं आहे की नोकरीवर नसलेल्या माणसाने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट, वेगळं लिहून घेतलेलं नसेल तर, १९५७ च्या कायद्याप्रमाणे मुळात त्याचाच राहतो. पूर्ण पैसे दिले म्हणून तो आपोआप तुमचा होत नाही, तसं सही करून लिहून घ्यावं लागतं. शिवाय किती काळासाठी ते लिहिलं नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो. म्हणून नवीन डेव्हलपरकडून एक ओळ लिहून घ्या की पूर्ण पैसे मिळाल्यावर या कोडचे सगळे हक्क कायमचे आणि सगळीकडे तुमच्याकडे येतील. "पूर्ण पैसे मिळाल्यावर" हे शब्द त्याच्या संरक्षणासाठी आहेत, ते काढायला सांगू नका.

नवीन माणसाला पहिल्या भेटीत सांगा की डोमेन, होस्टिंग आणि पेमेंट गेटवे या तिन्हींची खाती तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या कार्डवर उघडायची, त्याला आत यायची परवानगी तुम्ही द्यायची. कोडची गिट रिपॉझिटरीही (कोड साठवायची ऑनलाइन जागा) तुमच्याच खात्यात, त्यात तो रोज काम चढवेल. तुम्हाला ते वाचता नाही आलं तरी चालेल, उद्या तिसरा माणूस आला तर त्याला उघडून देता येईल. चांगला डेव्हलपर यावर नाराज होत नाही, उलट त्यालाच हायसं वाटतं. मग पैसे तुकड्यातुकड्यात द्या, मालाची यादी आणि फोटो दिसायला लागले की एक हप्ता, एक खरी ऑर्डर टाकून पैसे तुमच्या बँकेत आले की दुसरा, कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर ग्राहकाला गेला की तिसरा. बिल आलं की तीन दिवसांत द्या, तुमच्याकडून पैसे वेळेवर येतात हे त्याला कळलं की सीझनमध्ये रात्री दहालाही तो तुमचा फोन उचलेल. आणि हे सगळं डिसेंबर-जानेवारीतच उरका, मार्चमध्ये पेट्या सुटायला लागल्यावर नवीन साइट चालू करायच्या भानगडीत पडू नका, त्या वर्षी सरळ व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घ्या.